नव्या कोरलचा टिश्यू सुटतोय? मुंबईतल्या मरीन टँकवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी खाऱ्या पाण्याचा मरीन टँक ठेवून पहिल्यांदा कोरल (प्रवाळ) आणलेल्यांकडून जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. बहुतेक मेसेज रात्री उशिरा येतात. सोबत निळ्या लाइटखाली काढलेला फोटो असतो आणि खाली एकच ओळ: "कुठलं औषध टाकू?" औषधाचं नाव सांगण्याआधी दोन गोष्टी कळाव्या लागतात. जखम कुठून सुरू झाली, आणि ती पुढे सरकते आहे की थांबली आहे? पुढची बहुतेक उत्तरं याच दोन प्रश्नांपाशी येतात. कोरलवर तपकिरी, चिकट थर दिसत असेल तर मात्र आधी प्रश्न ७ वाचा, बाकीचं नंतर.

१. कोरलचा टिश्यू म्हणजे नक्की कोणता भाग?

कोरल हा प्राणी आहे. हार्ड कोरलमध्ये चुन्याच्या सांगाड्यावर जिवंत मांसाचा थर पसरलेला असतो, तोच टिश्यू. ॲक्रोपोरा या फांद्यांच्या कोरलमध्ये हा थर जेमतेम काही मिलिमीटरचा असतो, तर हॅमर, टॉर्च या नावांच्या मांसल कोरलमध्ये तो जाड असतो आणि पाणी भरून फुगतो. लेदर, मशरूम, झोआ या मऊ कोरलांना असा सांगाडा नसतो. त्यामुळे तिथे इजा झाली की तो भाग काळपट, लिबलिबीत होऊन विरघळायला लागतो.

या टिश्यूच्या पेशींमध्ये झूझँथेली नावाचं सूक्ष्म शैवाल राहतं. कोरलचा बराचसा रंग आणि बरंचसं अन्न त्याच्याकडून येतं. टिश्यू फाटला तर तो पुन्हा वाढू शकतो. पाणी स्थिर असेल तर फ्रॅग (नवं कोरल वाढवायला काढलेला तुकडा) कापल्याची छोटी जखम एक-दोन आठवड्यांत भरून येते. कोरल वाटतं तितकं नाजूक नसतं, त्याला स्वस्थ बसू दिलं तर.

२. काल संध्याकाळी क्रॉफर्ड मार्केटमधून आणलं, अजून उघडलंच नाही. मरतंय का?

फक्त मिटलेलं असेल तर नाही. दुकानाच्या टँकमधून उपसलं, पिशवीत भरलं, टॅक्सीत किंवा लोकलमध्ये तासभर हेलकावलं, मग नव्या पाण्यात, नव्या उजेडाखाली गेलं. दोन-तीन दिवस मिटून राहणं साहजिक आहे. बाहेरगावाहून कुरिअरने आलेलं कोरल आठवडाही घेतं. मांस घट्ट आहे, रंग टिकून आहे आणि सांगाडा कुठे उघडा पडलेला नाही, एवढं पाहा आणि हात बाहेर काढा. जागा बदलू नका. पहिल्या रात्रीच तीन जागा फिरवलेली कोरल मी पुष्कळ पाहिली आहेत, आणि त्यातली कित्येक नुसत्या त्या फिरवाफिरवीने खचली.

पिशवीबद्दल एक गोष्ट. लांबच्या प्रवासात पिशवीतल्या पाण्यात अमोनिया साचतो, पण तिथला पीएच उतरलेला असल्याने तो फारसा बाधत नाही. पिशवी उघडली की कार्बन डायऑक्साइड निघून जातो, पीएच वर चढतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. म्हणून बंद पिशवी पंधरा-वीस मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवून तापमान जुळवा. उघडल्यावर मात्र तासन्‌तास थेंब-थेंब पाणी सोडत बसू नका. पिशवीतलं पाणी टँकमध्ये ओतायचं नाही.

३. एक बाजू पांढरी पडली आहे. हे ब्लीचिंग की टिश्यू गेला?

दोन्हींचे उपाय वेगळे आहेत, त्यामुळे आधी हे नक्की करा. निळे लाइट बंद करा आणि पांढऱ्या उजेडाची बॅटरी तिरकी मारा. पांढऱ्या भागावर काचेसारखा पातळ थर दिसतो का? पॉलिपची, म्हणजे कोरलच्या एकेका छोट्या जिवाची, तोंडं, छोटे टेंटॅकल (सोंडा) आहेत का? ड्रॉपरने हलकेच पाण्याचा झोत दिला तर थर आकसतो का? तसं असेल तर ते ब्लीचिंग. शैवाल निघून गेलं आहे, पण प्राणी जिवंत आहे. उजेड कमी करा, तापमान खाली आणा (प्रश्न ११) आणि प्रश्न १६ प्रमाणे थोडं खाऊ घाला. डिप (औषधाच्या पाण्यात बुडवणं, प्रश्न ६) नको, कापणं नको.

सांगाड्याच्या धारदार रेघा स्पष्ट दिसत असतील आणि कुठलीही हालचाल नसेल, तर टिश्यू गेला आहे. शंका उरली तर चार दिवस थांबा. उघड्या सांगाड्यावर हिरवट-तपकिरी शेवाळाचा पापुद्रा चढतो. जिवंत टिश्यूवर तो चढत नाही.

४. किती घाई करायची? आज रात्रीच काहीतरी करू का?

जिवंत टिश्यू आणि उघडा सांगाडा यांच्यामध्ये एक रेष असते. सगळं लक्ष त्या रेषेवर ठेवा. पांढऱ्या उजेडात, एकाच कोनातून, सकाळ-संध्याकाळ फोटो काढा. शेजारी प्लॅस्टिकची पट्टी धरा, म्हणजे अंदाजाने बोलावं लागणार नाही. निळ्या उजेडातल्या फोटोवरून कोणीही निदान करू शकत नाही. सगळं चमकतं आणि रेष हरवते.

रेष गोलसर, किंचित फुगीर आणि रंगीत असेल, फोटोंत तिथल्या तिथेच असेल, तर जखम भरते आहे. काहीही करू नका. कडा चिंध्यांसारखी फाटलेली, पांढुरके धागे लोंबणारी असेल आणि दिवसाला एखाद-दोन मिलिमीटर सरकत असेल, तर त्याला हौशी मंडळी एसटीएन म्हणतात, म्हणजे सावकाश होणारी झीज. तुमच्या हातात काही दिवस आहेत. ते कारण शोधण्यात घालवा आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. एका दिवसात लाइट, फ्लो, जागा आणि औषध असं चारही बदललं तर कशाने गुण आला किंवा बिघडलं, हे कधीच कळणार नाही.

तिसरा प्रकार आरटीएन, म्हणजे झपाट्याने होणारी झीज. यात काही तासांत टिश्यूचे तुकडे प्रवाहात उडताना दिसतात. हे मुख्यतः ॲक्रोपोरा, स्टायलोफोरा, पोसिलोपोरा यांच्यात होतं. इथे मात्र थांबू नका. वरचा निरोगी भाग लगेच कापून वेगळा करा (प्रश्न ८).

५. जखम कुठून सुरू झाली यावरून कारण कसं ओळखायचं?

खात्री देता येत नाही, पण शोध कुठे घ्यायचा ते यातून कळतं.

सर्वांत आधी बघा, जखम एकाच जागी, कातरल्यासारखी आहे का. नव्या कोरलमध्ये बहुतेकदा ही हाताळणीची इजा असते. हॅमर, टॉर्च फुगलेले असताना पाण्याबाहेर उचलले की आतल्या पाण्याच्या वजनाने मांस सांगाड्याच्या धारेवर फाटतं. म्हणून पाण्यातच हलकेच हलवून कोरलला मिटू द्यायचं आणि मगच प्लग (कोरल चिकटवलेली छोटी बैठक) किंवा सांगाडा धरून उचलायचं. मांसाला बोट लावायचं नाही. ट्रॅकिफिलियासारख्या मांसल कोरलमध्ये सांगाड्याची धार आतून टोचून वर आलेली दिसते. पिशवीत आडवं पडून आलं असेल किंवा जोराच्या प्रवाहात ठेवलं असेल, तर असं होतं. त्याला वाळूवर, मंद प्रवाहात ठेवा. अशा जखमा कडेने भरत येतात आणि त्यांना औषध लागत नाही.

टिश्यू बुडापासून वर सुटत असेल, तर आधी अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल झेलण्याची ताकद) तपासा. दुकानाचं पाणी आणि तुमचं पाणी यांत मोठा फरक असला की हे दिसतं. बुंध्याला सावली किंवा साचलेली घाणही कारणीभूत ठरते. टोकं जळाल्यासारखी पांढरी होत असतील, तर अल्कलिनिटी जास्त आणि नायट्रेट-फॉस्फेट जवळपास शून्य, ही जोडी तपासा. अति स्वच्छ पाणी हे चांगलं पाणी, ही समजूत इथे नडते.

फक्त वरचा, लाइटसमोरचा भाग गेला आणि सावलीतला शाबूत असेल, तर उजेड जास्त झाला. दुकानातले लाइट अनेकदा मंद असतात. नवं कोरल आधी खाली ठेवा आणि दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वर न्या.

शेजारच्या कोरलकडची बाजूच गेली असेल, तर रात्री लाइट बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च घेऊन बघा. गॅलॅक्सिया आणि हॅमरच्या जातीतली कोरलं रात्री लांब सोंडांनी शेजाऱ्याला डंख मारतात. लेदर कोरल स्पर्शही न करता पाण्यात रसायनं सोडतं, त्यासाठी ॲक्टिव्हेटेड कार्बन चालवा.

टिश्यूवर गोल चावे किंवा वेडेवाकडे ठिपके दिसत असतील, तर कीड किंवा मासा. ड्वार्फ एंजल आणि बटरफ्लाय माशांवर पहिला संशय घ्या, मग प्रश्न ६ मधला कीड तपासण्याचा भाग वाचा.

६. डिप द्यावा का? कोणता आणि किती वेळ?

नवं कोरल टँकमध्ये जाण्याआधी एक डिप द्यावा, या मताची मी आहे. त्याचा मुख्य हेतू कीड काढणं हा आहे. जखम झाल्यावर रोज डिप देत राहणं ही दुसरी गोष्ट, आणि ती हानिकारक आहे. प्रत्येक डिप म्हणजे पुन्हा उचलणं, पुन्हा मिटणं, पुन्हा ताण.

उघडी जखम असेल तर आयोडीनवर आधारलेला डिप घ्या. रीफसाठी, म्हणजे कोरलच्या टँकसाठी, तयार मिळणाऱ्या बाटलीवरचं प्रमाण तंतोतंत पाळा. लुगोल्स (आयोडीनचं द्रावण) वापरणारे पाण्याचा रंग फिक्या, बिनदुधाच्या चहासारखा होईपर्यंतच थेंब टाकतात, त्याहून गडद नाही. डिपसाठी एक आणि नंतर धुण्यासाठी एक असे दोन डबे घ्या. दोन्हींत तुमच्या टँकचंच पाणी भरा. वेळ पाच ते दहा मिनिटं. डिपचं पाणी टँकमध्ये परत जाता कामा नये.

केमिस्टकडची पोव्हिडोन आयोडीनची बाटली चालेल का, हे जवळपास प्रत्येक जण विचारतो. सर्जिकल स्क्रब लिहिलेली बाटली कधीही वापरू नका, त्यात साबण असतो. साध्या सोल्युशनमध्येही इतर घटक असू शकतात, म्हणून रीफसाठी बनवलेलं मिळत असताना त्याच्या वाटेला जाऊ नये.

किडीसाठी: डिपनंतर डब्याच्या तळाशी काय पडलं आहे ते पांढऱ्या उजेडात बघा. चपटे किडे, छोट्या गोगलगायी, न्युडिब्रँक (शंख नसलेल्या समुद्री गोगलगायी) तिथेच सापडतात. डिपने अंडी मरत नाहीत. सांगाड्यावर किंवा प्लगच्या खाली अंड्यांचे पुंजके दिसले तर खरवडून काढा, शक्य असेल तर प्लगच बदला. कीड निघाली असेल तरच दर आठवड्याला एकदा, असा डिप तीन-चार आठवडे द्या.

७. हॅमरच्या एका डोक्यावर तपकिरी जेलीसारखं काहीतरी आलंय, वासही येतोय.

ब्राऊन जेली. आरटीएनसारखीच इथेही घाई करायची. या चिकट थरात जिवाणू आणि जिवंत टिश्यू खाणारे सिलिएट नावाचे एकपेशीय जीव असतात. एका डोक्यावरून, म्हणजे एका पॉलिपवरून, दुसऱ्यावर जायला त्यांना एक रात्र पुरते.

आधी सगळे वेव्हमेकर (टँकमध्ये प्रवाह करणारी यंत्रं) आणि पंप बंद करा, नाहीतर जेली उडून इतर कोरलवर बसेल. बारीक नळी किंवा मोठी सिरिंज जेलीच्या अगदी जवळ धरून ती शोषून घ्या आणि ते पाणी फेकून द्या. मगच कोरल बाहेर काढा. बाहेरच्या डब्यात, टँकच्या पाण्यात, उरलेली जेली झोताने उडवा. फांद्यांचा हॅमर किंवा टॉर्च असेल, तर बाधित डोकं फांदीसकट खालून कापून टाका. एखादं डोकं वाचवण्याच्या मोहात पूर्ण कोरल जातं. उरलेल्या भागाला आयोडीन डिप द्या आणि शक्य असेल तर दुसऱ्या टँकमध्ये ठेवा (प्रश्न १७). पुढचे तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तपासा. वापरलेली नळी, चिमटा, डबा टँकमध्ये परत जाण्याआधी ब्लीचने धुऊन पूर्ण सुकवा.

८. कापायचं कधी आणि कसं?

रेष वेगाने सरकत असेल किंवा ब्राऊन जेली असेल तेव्हा. थांबलेली जखम कापणं म्हणजे नवी जखम करणं. काप नेहमी निरोगी भागातून, रेषेपासून निदान अर्धा-एक सेंटिमीटर सोडून घ्या. रेषेवरून कापलं तर आजार फ्रॅगसोबत जातो. ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरासाठी बोन कटर पुरतो. हॅमरच्या फांदीला तो मांसाच्या बराच खाली लावायचा. कापलेली कडा घट्ट सायनोॲक्रिलेट जेलने बंद करता येते. आपल्याकडचं पातळ फेव्हिक्विक त्याच जातीचं आहे, पण पातळ असल्यामुळे ते मांसावर ओघळतं. जेलच घ्या. सलग भिंतीसारखा वाढणारा हॅमर मात्र सहसा कापू नये. त्याचं मांस सलग असतं आणि कापाच्या कडेनेच पुन्हा सुटायला लागतं.

९. केमिस्टकडून अँटिबायोटिक आणून टाकलं तर?

नको. मुख्य टँकमध्ये तर अजिबात नको. दगडांवरचे, वाळूतले जे उपयोगी जिवाणू अमोनिया संपवतात त्यांच्यावरही घाला पडू शकतो, आणि मग अमोनिया वाढून बाकीची कोरलं धोक्यात येतात. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर द्यायची असतात, ती माणसांसाठी. पाणी बदलताना ती गटारात जातात आणि जिवाणूंची औषधाला न जुमानण्याची ताकद वाढते. एका कोरलसाठी ही किंमत मोजू नये.

१०. पाण्याचं काय काय तपासू? पालिकेचं पाणी तर चांगलं असतं ना?

पिण्यासाठी चांगलं. तानसा, वैतरणा, भातसा या तलावांचं पाणी मुळात मऊ असतं, टीडीएस मीटरवर आकडा कमी दिसतो आणि लोक तेच थेट मीठ कालवायला घेतात. पण त्यात जंतू मारायला क्लोरीन घातलेलं असतं आणि ते कोरलच्या टिश्यूलाही सोडत नाही. आरओ-डीआय फिल्टरचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या) पाणी वापरा, मीटरवर ० येणारं.

स्वयंपाकघरातल्या प्युरिफायरबद्दल विशेष सांगावंसं वाटतं. चवीसाठी बरेच प्युरिफायर आरओच्या पाण्यात थोडं कच्चं पाणी परत मिसळतात. हल्ली कितीतरी मॉडेल आरोग्यासाठी म्हणून पाण्यात तांबं सोडतात. तांबं कोरल, कोळंबी, गोगलगायी यांना मारक आहे. "पाणी तर प्युरिफायरचंच वापरतो" असं कोणी सांगितलं की मी आधी मॉडेल विचारते.

आकडे असे ठेवा: क्षारता (पाण्याचा खारटपणा) ३५ पीपीटी, म्हणजे घनता साधारण १.०२६, अल्कलिनिटी ८ ते ९ डीकेएच (अल्कलिनिटीचं एकक), आणि पुढचे आकडे पीपीएममध्ये: कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५०, नायट्रेट २ ते १०, फॉस्फेट ०.०३ ते ०.१, अमोनिया शून्य. आकडा चुकला असेल तर एका रात्रीत दुरुस्त करू नका. अल्कलिनिटी दिवसाला अर्धा ते एक डीकेएचपेक्षा जास्त हलवू नये. क्षारता मोजायचे, काटा हलणारे प्लॅस्टिकचे हायड्रोमीटर फसवतात. रिफ्रॅक्टोमीटर घ्या आणि तो ३५ पीपीटीच्या द्रावणाने कॅलिब्रेट करा.

जुहू किंवा मरीन ड्राइव्हवरून समुद्राचं पाणी भरून आणण्याचा विचार सोडून द्या. सांडपाणी आहे, तेल आहे, आणि पावसाळ्यात क्षारताही पार उतरलेली असते.

११. मे महिन्यात टँक ३१ अंशांवर जातो. टिश्यू त्यामुळेच सुटतो का?

शक्य आहे, आणि नव्या, थकलेल्या कोरलमध्ये जास्तच. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मुरतो, झूझँथेलीचं बिघडतं, ब्लीचिंग होतं आणि दुबळ्या टिश्यूवर जिवाणू चढतात. २५ ते २६ अंश उत्तम. २८ वर स्थिर असेल तर निभावतं. ३० च्या वर दिवसेंदिवस राहू देऊ नका.

पाण्यावर पंखा लावला की बाष्पीभवनाने गारवा येतो, पण मुंबईची हवा दमट, त्यामुळे जून ते सप्टेंबर त्याचा उपयोग फार थोडा होतो. शिवाय पाणी उडून क्षारता वाढते, ती रोज साध्या आरओ पाण्याने भरून काढावी लागते. चिलर किंवा खोलीचा एसी, हेच खरे उपाय. तेवढा खर्च जमणार नसेल तर ॲक्रोपोराच्या वाटेला जाऊ नका. मशरूम आणि लेदर अशा हवेत बरेच तग धरतात. अचानक तापमान चढलं तर गोठवलेली, झाकण घट्ट असलेली पाण्याची बाटली टँकमध्ये सोडा. तासाला एका अंशापेक्षा जास्त उतरू देऊ नका.

वीज जाण्याचाही विचार ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई कित्येक तास अंधारात होती. बॅटरीवर चालणारा एअर पंप किंवा वेव्हमेकरला छोटा यूपीएस, एवढं तरी घरात असावं.

१२. सोसायटीत डासांसाठी धूर मारला आणि दुसऱ्या दिवशी कोरल मिटली. संबंध आहे का?

असू शकतो. डासांच्या फवारणीत वापरली जाणारी काही कीटकनाशकं जलचरांना, विशेषतः कोळंबी-खेकड्यांच्या जातीला, अत्यंत थोड्या प्रमाणातही मारक असतात. टँकमधल्या कोळंब्या आधी सुस्त पडल्या असतील तर संशय बळावतो. धूर येणार हे कळलं की खिडक्या बंद करा, टँक झाका, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि एअर पंप तेवढ्या वेळापुरते बंद ठेवा, कारण तेच बाहेरची हवा पाण्यात ओढतात. नंतर ताजा कार्बन लावा आणि थोडं पाणी बदला. घरातलं पेस्ट कंट्रोल आणि दिवाळीआधीचं रंगकाम यांनाही हेच लागू.

१३. सगळं मांस गेलं, नुसता सांगाडा उरला. फेकून देऊ?

थांबा. जेली किंवा कुजका वास नसेल, तर सांगाडा मंद उजेडात, मंद प्रवाहात एका कडेला ठेवून द्या. खाचांमध्ये उरलेल्या टिश्यूच्या कणांपासून डंकन, हॅमर, फंजिया यांची बारीक पिल्लं काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी फुटतात. रेषेजवळचं शेवाळ ब्रशने घासू नका, गोगलगायींना खाऊ द्या.

१४. लेदर कोरल मेणचट झालंय, आठवडाभर मिटलेलं आहे, वरून पापुद्रा सुटतोय.

हा अपवाद नीट लक्षात ठेवा, कारण या एका लक्षणावरून धडधाकट कोरल टाकून दिली जातात. लेदर अधूनमधून कात टाकतं. कधी पंधरा दिवसही लागतात. प्रवाह थोडा वाढवा म्हणजे पापुद्रा वाहून जाईल. काळा पडून खड्डा पडत असेल, मऊ होऊन विरघळत असेल, तरच तो भाग धारदार ब्लेडने कापा.

१५. झोआ विरघळतायत. हाताने साफ करू का?

उघड्या हाताने कधीही नाही. काही झोआ आणि पॅलिथोआंमध्ये पॅलिटॉक्सिन असतं. ते जगातल्या अतिशय जहाल नैसर्गिक विषांपैकी एक आहे. हातमोजे आणि चष्मा घाला, हातावर जखम असेल तर कामच करू नका. झोआ लागलेला दगड उकळायचा नाही, त्यावर गरम पाणी ओतायचं नाही, वाफेतूनही विषबाधा होते. काम केल्यानंतर श्वास लागला, ताप आला किंवा डोळे चुरचुरले तर थेट रुग्णालयात जा आणि पॅलिटॉक्सिन हा शब्द डॉक्टरांना सांगा.

कारण शोधताना झोआ खाणारे न्युडिब्रँक पॉलिपच्या दांड्यांमध्ये बघा. त्यांचा रंग खाल्लेल्या झोआसारखाच होतो, त्यामुळे पटकन दिसत नाहीत. पुढची पद्धत प्रश्न ६ मध्ये आहे.

१६. अशक्त झालंय, जास्त खायला घालू का?

तोंड उघडत असेल तर आठवड्यातून एक-दोनदा मायसिसचा (बारीक कोळंबीसारख्या खाद्याचा) छोटा तुकडा. मिटलेल्या कोरलवर अन्न टाकलं तर ते तिथेच कुजतं.

१७. बाकीच्या कोरलला लागेल का? वेगळा टँक हवाच का?

हाताळणीची जखम पसरत नाही. ब्राऊन जेली आणि कीड पसरते. वीस-तीस लिटरची साधी टाकी, छोटा पंप आणि मंद लाइट एवढ्यावर क्वारंटाइन टँक उभा राहतो. आपल्या हवेत हीटर बहुतेक लागत नाही, एसीच्या खोलीत असेल तर लागेल. मुंबईच्या घरात दुसऱ्या टाकीला जागा काढणं सोपं नाही हे मान्य, तरी एका नव्या कोरलसाठी जुनी सगळी पणाला लावण्यापेक्षा ते परवडतं.

१८. हाजी अलीच्या खडकांवर ओहोटीला कोरल दिसतात. त्यातलं आणलं तर? आणि दुकानातलं घेणं कायदेशीर आहे का?

खडकावरचं कधीही आणू नका. सगळी हार्ड कोरलं, म्हणजे स्क्लेरॅक्टिनिया गट, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. काळं कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनसुद्धा. गढूळ, सांडपाण्याने भरलेल्या किनाऱ्याला ही कोरलं चिकटून राहिली आहेत. कोस्टल रोडच्या कामात वरळी आणि हाजी अलीची कोरलं परवानगी घेऊन दुसरीकडे हलवावी लागली, इतकं त्यांना कायद्याचं संरक्षण आहे.

दुकानात "इम्पोर्टेड आहे" एवढं ऐकून समाधान मानू नका. हार्ड कोरलं सायटीस या वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीने या करारातल्या जातींसाठी आपल्या कायद्यात वेगळं प्रकरण आलं आहे. कागदपत्रं मागा. दाखवता येत नसतील तर घेऊ नका, आणि शंका असेल तर वनविभागाला विचारा. मशरूम, झोआ, लेदर वरच्या गटांत येत नाहीत. सुरुवात त्यांच्यापासून करावी असं मला मनापासून वाटतं. या पानावर हॅमर-ॲक्रोपोराची उत्तरं आहेत ती यासाठी, की कुणाच्या तरी टँकमध्ये ती आत्ता या क्षणी जखमी आहेत.

१९. दुकानातच खराब कोरल कसं ओळखू?

पांढरा लाइट लावायला सांगा. बुंध्याशी रेष बघा, प्रश्न ४ मध्ये सांगितली तीच. हॅमरची डोकी सांगाड्याच्या कडेवरून खाली उतरलेली, भरलेली हवीत. आज आलेला माल आजच घेऊ नका, आठवडाभर दुकानात टिकलेलं घ्या. त्याच टँकमधल्या माशांना तांब्याचं औषध दिलं आहे का, हे विचारा.

२०. मेलेलं कोरल समुद्रात सोडलं तर चालेल ना? आलं तिथेच जाईल.

ते अरबी समुद्रातून आलेलं नसतं. त्याच्यासोबत परकी कीड, शैवाल, जंतू जातात, आणि आपल्या किनाऱ्यावरच्या कोरलांना त्यांची सवय नसते. दगड, वाळू, टँकचं पाणीही समुद्रात, खाडीत किंवा पावसाळी नाल्यात सोडू नका. मेलेला तुकडा थंड पाण्यात ब्लीच घालून दिवसभर बुडवा, झोआ असतील तर हातमोजे आणि चष्म्यासकट. मग पिशवीत घट्ट बांधून सुक्या कचऱ्यात टाका. बाधित टँकमधून काढलेल्या पाण्यातही आधी ब्लीच घाला, काही तास ठेवा आणि मग घरातल्या ड्रेनेजमध्ये ओता. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं कुठलंही क्लीनर मिसळू नका.